गाणं थिल्लर आहे, मान्य. पुढे बोला!

थोडं मोठं लिहितोय. दिवा ते ठाणे एवढ्या वेळात वाचून होणार नाही, डोंबिवली ते सीएसएमटी स्लो लोकल लागेल. वेळ असेल तरच वाचा, पण वाचलंत तर शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यावर सोडून भांडायला येऊ नका.

आधी हितसंबंध जाहीर करतो. वीस वर्षं बातमीदारी केल्यावर एवढी शिस्त अंगात भिनलीच आहे. ज्या सात बायकांच्या नाचाबद्दल लिहितोय, त्यातली एक माझी बायको आहे. त्यामुळे नंतर कुणी "हे घरचं प्रकरण आहे" असा शोध लावू नये. मीच सांगून टाकलं.

तर झालं असं. आमची सोसायटी डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या पलीकडे. गणपती तीन आठवड्यांवर आलेत. दरवर्षी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांस्कृतिक कार्यक्रम असतो. छोट्यांची फॅन्सी ड्रेस, कुणाचं पेटीवादन, महिलांचा नाच, मग पावभाजी. यंदा सात जणींनी 'गुलाबी साडी' बसवलं. परवा सोसायटीच्या ग्रुपवर सांस्कृतिक समितीचा मेसेज आला. यंदा फक्त दर्जेदार गाणी घ्यावीत, थिल्लर गाणी चालणार नाहीत, आपली डोंबिवली ही सांस्कृतिक नगरी आहे याचं भान ठेवावं. खाली उदाहरणादाखल यादी. नको असलेल्यांत 'कोंबडी पळाली', 'शांताबाई', 'गुलाबी साडी'. चालणाऱ्यांत 'बहरला हा मधुमास' आणि आणखी काही. वर हात जोडलेल्या इमोजी.

पहिल्या दहा मिनिटांत सव्वीस अंगठे. त्यात दोन अंगठे असे, की ज्यांच्या मुलाच्या वरातीत मी स्वतः त्यांना रस्त्यावर बसून नागीण डान्स करताना पाहिलंय. असो.

आता या सात जणी कोण? एक पोळीभाजी केंद्र चालवतात, पहाटे चारला उठतात. एक नर्स आहे, तिच्या पाळ्या बदलतात म्हणून सराव पुढे-मागे होतो. एक शिकवण्या घेतात. दोघी मुंबईला नोकरीला, पावणेनऊला स्टेशनवर उतरतात, तिथून रिक्षाची रांग. माझी बायको. आणि सातव्या एकसष्ट वर्षांच्या आजी, गेल्याच वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. त्यांना गिरकी जमत नाही, म्हणून त्या मधे उभ्या राहतात आणि बाकीच्या सहा त्यांच्याभोवती फिरतात. रात्री दहाला गच्चीवर सराव. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्पीकर नाही. मोबाईल स्टीलच्या पातेल्यात ठेवायचा, तेवढाच आवाज. तीन आठवडे हे चाललं होतं. मेसेज आल्यावर आजी बायकोला म्हणाल्या, "जाऊ दे गं. आपण आपलं घेतलं नाचून."

हे वाक्य ऐकलं आणि ही पोस्ट लिहायची ठरवली.

आता मुद्द्यावर येतो. 'गुलाबी साडी' हे थिल्लर गाणं आहे का? आहे. मी खोटं बोलणार नाही. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोड या पोराने ते लिहिलं, त्यानेच गायलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये यूट्यूबवर आलं आणि पुढचं वर्षभर महाराष्ट्रात एक लग्न त्याच्याशिवाय लागलं नसेल. अर्थ काय? नटलेली बाई, गुलाबी साडी, आणि आपला फोटो काढ म्हणून राजाकडे हट्ट. संपलं. यात जीवनदर्शन नाही, रागदारी नाही, उपमा-उत्प्रेक्षा नाहीत. एकच ओळ डोक्यात खिळ्यासारखी बसते. पहिल्यांदा मजा येते, दहाव्यांदा पाय आपोआप हलतात, चाळिसाव्यांदा लोकलच्या डब्यात समोरचा पोरगा हेडफोन न लावता तेच लावतो तेव्हा त्याचा मोबाईल पारसिकच्या बोगद्यात फेकावासा वाटतो. सगळं मान्य.

मग? थिल्लर असणं हा गुन्हा कधीपासून झाला?

वडापाव पौष्टिक नाही म्हणून आपण तो स्टेशनबाहेर बंद केला का? पुरणपोळीच्या जागी कुणी वडापाव वाढला तर तक्रार करा. पण साडेआठची लोकल पकडायला पळणाऱ्या माणसाला पुरणपोळीचं महत्त्व सांगू नका. गाणं कशासाठी केलंय ते बघा आणि मग ते जमलंय का ते बघा. नाचाचं गाणं नाचायला केलेलं असतं. ठेका दोन सेकंदांत कळला पाहिजे, ओळ दुसऱ्या वेळी पाठ झाली पाहिजे आणि ज्याने जन्मात नाच शिकला नाही त्यालाही हात कुठे न्यायचा ते कळलं पाहिजे. हे सोपं वाटतं. करून बघा. दर आठवड्याला मराठीत अशी कितीतरी गाणी येतात आणि कुणाला कळायच्या आत जातात. एखादंच असं असतं, की गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई उठून उभी राहते. त्या गाण्यात काहीतरी कारागिरी आहे, हे मान्य करायला आपल्याला एवढं जड का जातं?

आता समितीच्या यादीकडे वळू. यादी फार मजेची आहे.

'कोंबडी पळाली' नको. हे गाणं 'जत्रा' सिनेमातलं. दिग्दर्शक केदार शिंदे, संगीत अजय-अतुल. याच चालीवर याच अजय-अतुलनी २०१२ च्या हिंदी 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' केलं, गायली श्रेया घोषाल. आणि समितीला चालणारं 'बहरला हा मधुमास'? २०२३ चा 'महाराष्ट्र शाहीर'. दिग्दर्शक केदार शिंदे. संगीत अजय-अतुल. गायिका श्रेया घोषाल, सोबत अजय गोगावले. म्हणजे हात तेच, डोकी तीच, गळासुद्धा तोच. एका गाण्यावर फुली आणि दुसऱ्याला आरतीचं ताट.

मला 'मधुमास' आवडतं, गोड गाणं आहे. पण त्यावरही रील्सचा पूरच आला होता की! तेव्हा कुणी "संस्कृती बुडाली" म्हणालं नाही.

आणखी ऐका. दोन वर्षांपूर्वी याच मंचावर चौथी-पाचवीतल्या मुलींनी 'चिकनी चमेली'वर नाच केला होता. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? दारू चढवून आलेल्या बाईचं ते गाणं, नऊ-दहा वर्षांच्या मुली, समोर टाळ्या पिटणारे आपण. त्यावर समितीला हरकत नव्हती. म्हणजे तीच चाल हिंदीतून कतरिनाने आणली की 'बॉलीवूड डान्स', आणि मराठीतून कोंबडी पळाली की थिल्लर. मराठी अस्मितेवर सर्वात जास्त फॉरवर्ड पाठवणारे आपणच, आणि मराठी ठेक्याची लाज वाटणारेही आपणच.

'कोंबडी पळाली' वैशाली सामंतबरोबर गायलंय आनंद शिंदेंनी. कॅसेटच्या जमान्यात ज्यांचा 'पोपट' गल्लीगल्लीत ओरडत होता तेच. ते प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव. आषाढी एकादशीला सकाळी सहा वाजता आमच्या सोसायटीच्या गेटवर कुणाची गाणी लागतात? प्रल्हाद शिंदेंची. 'पाऊले चालती' ऐकून समितीतलेच लोक डोळे मिटून उभे असतात. सकाळी बापाच्या आवाजाला हात जोडायचे आणि संध्याकाळी मुलाच्या आवाजाला दारातून हाकलायचं. त्या घराला भक्ती आणि नाच यांत भांडण दिसलं नाही, ते फक्त आपल्याला दिसतं.

कुणी म्हणेल, जुन्या काळी असं नव्हतं. अहो, जुन्या काळीच तर जास्त होतं! ज्या गदिमांच्या गीतरामायणासाठी १९५५ साली घरोघर रेडिओसमोर लोक बसत होते, त्याच गदिमांनी चार वर्षांनी 'सांगत्ये ऐका'साठी 'बुगडी माझी सांडली गं' लिहिली. एकाच पेनातून दोन्ही उतरलं आणि शाईही तीच. आज 'बुगडी' ही 'अभिजात लावणी' झाली, गडकरी रंगायतनमध्ये ती लागली की पुढच्या रांगेत माना डोलतात. पण स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेरांच्या सरकारात, तमाशावर अश्लीलतेच्या नावाखाली बंदी आली होती हे आपण विसरतो. तेव्हाही समितीच बसली होती. तेव्हाही दर्जाचीच भाषा होती. आणि तेव्हाही पोट कुणाचं मारलं गेलं? ज्यांच्या पायात चाळ होते त्यांचं. ज्यांच्या हातात चोरून काढलेलं तिकीट होतं त्यांचं काही बिघडलं नाही.

इथे मला माझंही पाप सांगायचंय, नाहीतर हे सगळं शहाणपण उसनं वाटेल.

२०१६ साली 'झिंगाट' आलं. थिएटरात लोक पडद्यासमोर जाऊन नाचत होते. मी तेव्हा एका छोट्या स्थानिक साप्ताहिकात होतो. रविवारच्या अंकासाठी संपादकांनी काहीतरी "खमंग" मागितलं. मी आठशे शब्द ठोकून दिले. मराठी संगीताचा ऱ्हास, कुठे ते भावगीत आणि कुठे हा धांगडधिंगा, वगैरे. शब्द चांगले जुळले होते. डोंबिवलीतल्या चार वडीलधाऱ्यांनी फोन करून पाठ थोपटली. मी आठवडाभर हवेत.

आणि तोपर्यंत मी 'सैराट' पाहिलेलाच नव्हता.

महिन्याभराने पाहिला. ज्यांनी पाहिलाय त्यांना शेवट सांगायला नको. जातीबाहेर लग्न केलं म्हणून काय होतं ते नागराज मंजुळेंनी दाखवलंय, आणि शेवटी रक्तात भरलेली ती लहान पावलं. थिएटरातून बाहेर पडताना कुणी बोलत नव्हतं. 'झिंगाट'वर नाचणारी पोरंही गप्प. मला माझा लेख आठवला. ज्या सिनेमात जात माणसं मारते, त्या सिनेमाबद्दल मला लिहावंसं काय वाटलं? तर गाण्याचा आवाज मोठा आहे. ते कात्रण अजून घरी आहे. मुलीला दाखवलं नाही.

तेव्हापासून कुणी "थिल्लर" म्हटलं की मी आधी बघतो, नाचतंय कोण आणि नाक मुरडतंय कोण.

आपल्या भागातलं उदाहरण घ्या. आगरी हळद. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्याला हळद म्हणजे काय हे सांगायला नको. रात्रभर बेंजो, डीजे, आगरी-कोळी गाणी. आपल्यासारखे नोकरीसाठी इथे येऊन फ्लॅट घेतलेले लोक त्यावर हमखास विनोद करतात. "आज गावात हळद दिसतेय, झोप विसरा." ठीक आहे, झोपेचा मुद्दा खरा आहे, त्यावर येतोच. पण विनोद झोपेवर थांबत नाही. तो भाषेवर जातो, सोन्यावर जातो, गाण्यांवर जातो. "काय ती गाणी!"

हीच लहेजाची, याच ठेक्याची कोळीगीतं शांताबाई शेळक्यांनी लिहिली, हृदयनाथांनी चाली लावल्या, लताबाईंनी गायली, तेव्हा ती आपल्या दिवाणखान्यात आली. शांताबाई पुढे १९९६ ला आळंदीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षही झाल्या. उत्तम झालं. ती गाणी मोठीच आहेत. पण ज्या कोळीवाड्यात तो सहा मात्रांचा झुलता ठेका पिढ्यानपिढ्या वाजत होता, तिथला पोरगा स्वतः कीबोर्ड घेऊन, स्वतःच्या बोलीत गाणं काढतो तेव्हा ते थिल्लर कसं होतं? आपल्याला ठेका हवाय, ठेकेवाला नकोय.

आगरी लग्नात धवलारीण असते. धवले गात गात लग्नाचे विधी पार पाडणारी बाई. शिक्का नाही, पदवी नाही, गळ्यात आणि डोक्यात सगळं लग्न पाठ. ज्या समाजात बाईच्या गाण्याने लग्न लागतं, त्याला आपण गाण्याची अभिरुची शिकवायला निघालो.

आणि "सांस्कृतिक नगरी"चंच म्हणाल तर फेब्रुवारी २०१७ आठवा. डोंबिवलीत ९० वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. सावळाराम महाराज क्रीडासंकुलात. यजमान कोण होतं? आगरी यूथ फोरम. म्हणजे तीन दिवस साहित्याचा मांडव त्यांनी घालायचा, खुर्च्या त्यांनी मांडायच्या, आणि आपण पुढच्या रांगेत बसून यायचं. मग उरलेले तीनशे बासष्ट दिवस त्यांच्या गाण्याला नावं ठेवायची. हा कुठला हिशोब?

आता दुसरी बाजू. ती नीट मांडली नाही तर हा लेख म्हणजे पुन्हा माझा २०१६ चा लेख, फक्त उलटा.

मेसेज ज्यांनी टाकला ते समितीचे काका निवृत्त शिक्षक. सरळ माणूस. मेसेजनंतर लिफ्टमध्ये भेटले. मी तयारीनेच होतो, गदिमा आणि चिकनी चमेली दोन्ही खिशात. पण काकांनी एकच सांगितलं. "गेल्या वर्षीच्या विसर्जनाला तो ट्रक आमच्या खिडकीखाली पाऊण तास उभा होता. हिला अर्धांगवायू होऊन चार महिने झाले होते. कान झाकायला तिचा एकच हात उठत होता. मी दोन्ही हातांनी तिचे कान धरून बसलो. काचा थरथरत होत्या. ते गुलाबी साडी लागलं की मला तेच दिसतं."

माझ्या खिशातले गदिमा खिशातच राहिले.

काकांचं दुःख खरं आहे, शंभर टक्के खरं. पण मी त्या रात्री खाली होतो, म्हणून सांगू शकतो. त्या ट्रकवर 'गुलाबी साडी' वाजलं तसं गणपतीचं गाणंही वाजलं. देशभक्तीपर एक वाजलं. आरतीचं रिमिक्सही वाजलं. काकूंच्या छातीवर चारही सारखेच आदळले. भीमसेन जोशींचा अभंग त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून सोडला असता तरी काचा तेवढ्याच थरथरल्या असत्या. छळ गाण्याने केला नाही. स्पीकरने केला, आणि स्पीकर लावणाऱ्याने केला.

स्पीकर कुणी लावला होता? ट्रकवर बॅनर होता की. आमचे भावी नगरसेवक. हात जोडलेला फोटो, वर पक्षाचे नेते ओळीने. पाऊण तास सोसायटीतलं कुणीही खाली उतरून त्यांना "आवाज कमी करा" म्हणालं नाही. मीही नाही. कारण मे महिन्यात त्यांनी आमच्या आवारात पेव्हर ब्लॉक टाकून दिले होते.

इथे खरी गोम आहे, मंडळी. पेव्हर ब्लॉकवाल्याला बोलायची हिंमत नाही, म्हणून आपण गाण्याला बोलतो. गाणं उलट उत्तर देत नाही. गच्चीवर पातेल्यात मोबाईल ठेवून नाचणाऱ्या सात बायकाही देत नाहीत.

कायदा काय सांगतो ते एकदा नीट वाचा, कारण त्यात "थिल्लर" हा शब्दच नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, तेव्हा उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सणावाराला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. आणि डेसिबलचा हिशोब सरळ बेरजेचा नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. ५५ च्या जागी १०० झाले तर ती दुप्पट नाही, तीस हजार पटीहून जास्त होते. काकूंच्या खिडकीखाली काय उभं होतं ते आता कळेल.

हा नियम गाणं बघत नाही, आवाज आणि घड्याळ बघतो. म्हणूनच तो आपल्याला गैरसोयीचा आहे. कारण तो लावला तर फक्त डीजे अडकणार नाही. स्वागतयात्रेतलं ढोल-ताशा पथकही अडकेल, आणि ते तर आपल्या पोरांचं आहे, फेटे बांधलेलं, फोटोत छान दिसणारं. नववर्ष स्वागतयात्रा डोंबिवलीनेच सुरू केली याचा मलाही अभिमान आहे. पण पन्नास ढोल खिडकीखाली वाजले की काकूंना अभिमानाने कमी त्रास होतो का? ढोलाला संस्कृती म्हणायचं आणि डीजेला विकृती, म्हणजे डेसिबलमध्येही आपण जात आणली.

ठाण्यातली दिवाळी पहाट घ्या. एकेकाळी पहाट म्हणजे तंबोरे, नाट्यगीतं, अंगाला उटण्याचा वास. आता तलावपाळी आणि राम मारुती रोडला पहाटे हजारो पोरं-पोरी नटून येतात, राजकीय पक्षांचे मंच, डीजे, आणि त्या वर्षीचं जे गाणं असेल ते. आपल्या फडके रोडलाही तीच गर्दी, तोच उत्साह. दरवर्षी कुणीतरी उसासा टाकून लिहितं, "काय ही पिढी!" मी त्या पिढीला दोष देत नाही. कोचिंग क्लास, दोन तासांचा प्रवास, भाड्याच्या वन बीएचकेत चार माणसं. या पोरांना नाचायला जागा कुठे आहे हो? मैदानं आपण पार्किंगला दिली, लग्नाला दिली, सभांना दिली. वर्षातून एक सकाळ रस्ता मिळतो तर ती नाचणारच. दोष असेल तर मंचवाल्यांचा. एकाचा आवाज दुसऱ्याच्या वर जायला हवा म्हणून जी भिंत उभी राहते तिचा. तिथे गाण्याची स्पर्धा नसतेच, बॅनरची असते.

आगरी समाजातलीच जाणती मंडळी हळदीतला डीजे, दारू, खर्च कमी करा म्हणून वेळोवेळी सांगत आलीत. त्यांचा मुद्दा ऐका. एका रात्रीसाठी कर्ज काढू नका, दुसऱ्याची झोप मोडू नका. "तुमची गाणी हलकी आहेत" असं ते म्हणत नाहीत. टीका कशी करावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. ते आपल्या माणसांना वाचवायला बोलतात. आपण स्वतःला वेगळं दाखवायला बोलतो.

आणि हो, सगळीच नाचाची गाणी निर्दोष असतात असं मी म्हणत नाही. बाईला माल म्हणणारं, शाळकरी पोरीकडे वखवखून बघणारं, तलवारी-बंदुका नाचवून दुसऱ्या जातीला धमकावणारं गाणं आलं तर फुली मारा, पहिली सही माझी. पण तेव्हा कारण स्पष्ट लिहा. "हे गाणं अमुक माणसाचा अपमान करतं" असं लिहा. "थिल्लर" हे कारण नव्हे. 'गुलाबी साडी' कुणाचा अपमान करतं? बाई नटली, तिला तिचा फोटो हवाय. तो काढायला सांगतेय. पहाटे चारपासून दुसऱ्यांच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईला वर्षातून एकदा नटून म्हणावंसं वाटलं, माझ्याकडे बघा, तर एवढं काय कोसळलं?

रविवारी सकाळी अकराला सोसायटीची मीटिंग आहे. मी तिथे हे चार मुद्दे मांडणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

एक, गाण्यांची यादी रद्द. कुणाचा अपमान करणारं गाणं सोडून बाकी सगळं चालेल. 'मधुमास'ही आणि 'कोंबडी'ही.

दोन, लहान मुलांच्या नाचाची गाणी आई-बापांनी शब्द वाचून निवडावीत. यात मी स्वतःला धरून बोलतोय.

तीन, कार्यक्रम पावणेदहाला बंद. दोनच स्पीकर, तोंड मंडपाच्या आत, काकांच्या खिडकीकडे पाठ. आवाजाचं बटण काकांच्या हातात.

चार, विसर्जनाला कुणाचाही ट्रक घ्यायचा नाही. टाळ, झांजा, एक ढोलकी, आणि नाचायचं त्याने नाचावं. भावी नगरसेवकांना तसं पत्र द्यायचं, खाली सगळ्यांच्या सह्या. पहिली सही माझी. पेव्हर ब्लॉक उखडून न्यायचे असतील तर न्यावेत, चिखल आम्हाला नवा नाही.

चौथ्या मुद्द्याला किती हात वर होतात ते मला बघायचंय. यादीच्या मेसेजला दहा मिनिटांत सव्वीस अंगठे आले होते. या पत्रावर सव्वीस सह्या आल्या तर मी मान्य करेन, की आमच्या सोसायटीला खरंच दर्जाची काळजी आहे. नाही आल्या तर निदान एवढं तरी कबूल करू, की आपल्याला आवाज खुपत नव्हता, बायका खुपत होत्या.

काकांना काल हे सगळं वाचून दाखवलं, त्यांच्याबद्दलचा भाग त्यांच्या परवानगीनेच टाकतोय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बटण माझ्या हातात देणार असाल तर बघू." आतून काकूंनी काहीतरी विचारलं. त्यांचं बोलणं अजून नीट कळत नाही, काकांनीच सांगितलं. त्या विचारत होत्या, नाच किती वाजता आहे.

गच्चीवर आज रात्री दहाला सराव आहे. पातेलं आमच्याच घरचं जातं.